शहाणं नाक

इस्त्री कापडावर तशीच राहिली होती. शिंपी दारात गिऱ्हाइकाशी बोलायला गेला आणि बोलण्यात गुंतला. आत अक्का टेबलापासून दोन हातांवर बसून बटणे निवडत होती. पांढरी एका वाटीत, तपकिरी दुसऱ्या वाटीत. इस्त्रीखालून धुराची बारीक रेघ निघाली, हळूहळू जाड झाली आणि अक्काच्या खांद्यावरून खिडकीकडे गेली. अक्का बटणे निवडत राहिली.

लेक तेव्हा गल्लीच्या तोंडाशी होती. तिथूनच ती धावत आली, बापाला बाजूला सारून आत शिरली आणि तिने इस्त्री उचलली. खाली कोणाच्या तरी नव्या सदऱ्याच्या पाठीवर काळा डाग उमटला होता. खोलीत धूर भरला होता आणि आई तिथेच, चिमटीत बटण धरून.

"आई, अगं नाक आहे की नुसतं शोभेचं? मला गल्लीत वास आला."

"विचारात होते," अक्का म्हणाली.

पण ती विचारात नव्हती, आणि हे तिचे तिला ठाऊक होते. ती आयुष्यात खोटे असे फार बोलली नव्हती. नाकासमोर चालणारी बाई, असेच सगळे तिच्याविषयी म्हणत. म्हणून ते दोन शब्द तिच्याच कानाला कसेतरी लागले.

शिंप्याने सदरा उजेडात धरून पाहिला, जीभ टाळ्याला लावून हळहळला, पण बायकोला बोलला नाही. उद्यापासून इस्त्रीपाशी मांजर बसवतो, म्हणाला, ते निदान उठून तरी जाईल. तिघेही हसली. हसता हसता लेकीने रुमाल नाकाला लावला. काढला तेव्हा त्यावर रक्ताचा ठिपका होता.

"रडतंय अजून?" अक्काने विचारले.

"रडतंय."

"रडू दे. मग शहाणं होईल."

ही त्या दोघी कामाला जात त्या शेडमधली भाषा होती.

शेडमध्ये लोखंडावर जस्त चढवत. एका टोकाला वितळलेल्या जस्ताची मोठी कढई होती. नळ, पट्ट्या, खांबांचे पाय, तारांच्या जाळ्या तिच्यात बुडून निघत त्या चांदीसारख्या लखलखत. पाहणाऱ्याला वाटावे, झाले काम. पण नवे जस्त फार हळवे असते. ओल लागली, माल एकमेकांना चिकटून राहिला, की त्याच्यावर पांढरी भुकटी धरते. तिला पांढरा गंज म्हणतात. तो लागला की लखलखीत माल आठवडाभरात आजारी दिसायला लागतो. तो लागू नये म्हणून कढईतून निघालेला माल थंड पाण्यातून काढून पिवळ्या टाकीत बुडवायचा. त्या पिवळ्या औषधी पाण्याने जस्तावर एक पापुद्रा धरतो, डोळ्यांना दिसे न दिसे इतका पातळ. तोच त्याची राखण करतो.

त्या पिवळ्या टाकीवर अक्का उभी असे. आकड्याला माल अडकवायचा, बुडवायचा, हलक्या हाताने हलवायचा, वर काढून निथळू द्यायचा. कमी बुडवला तर पापुद्रा धरत नाही, जास्त बुडवला तर मातकट होऊन पुसला जातो. अक्काच्या हातचा माल कधी पांढरा होऊन परत आला नव्हता. ती माल वर काढायची तेव्हा त्यावर फिकट सोनेरी झाक असायची, आणि ती झाक पाहून तिला रोज, अगदी रोज, बरे वाटायचे. आपल्या हातून काहीतरी टिकणार आहे, एवढे समाधान देव सगळ्यांना देत नाही.

टाकीवर नवीन माणूस आला की पहिले काही महिने त्याचे नाक गळायचे. आत खपली धरायची, ती निघाली की रक्त यायचे, शिंका यायच्या. मग एक दिवस ते सगळे आपोआप थांबायचे. खपली नाही, रक्त नाही, आग नाही. 'पहिलं वर्ष नाक रडतं, मग शहाणं होतं' असे जुनी माणसे सांगत आली होती, आणि नाक शहाणे झालेल्या माणसाला शेडमध्ये पक्का म्हणत. अक्काचे नाक शहाणे होऊन किती तरी वर्षे झाली होती.

बघा, देवाने माणसाच्या चेहऱ्याच्या अगदी मधोमध नाक ठेवले. डोळे मिटता येतात, तोंड बंद करता येते, कानांवर हात ठेवता येतात. हे एकच दार असे की ते जन्मापासून उघडे. पहिला श्वास त्या दाराने आत येतो आणि शेवटचा त्याच दाराने बाहेर जातो. त्या दारावर पहारेकरी म्हणून त्याने वास बसवला. आणि पहारेकरी ओरडायचा थांबला, तर घरातल्या माणसांनी काय समजावे? चोर गेला असेच ना? शेडमधल्या माणसांनी तेच समजले. त्यांना दोष कसा द्यायचा? दुखणे थांबले की माणूस देवाचे आभार मानतो, तपास करत बसत नाही.

लेकीला टाकीवर अक्कानेच आणले होते. लेक ज्या कपड्यांच्या कारखान्यात होती तो बंद पडला, मग ती बापाच्या मशीनशेजारी बसून काजे करायला लागली आणि दिवसेंदिवस गप्प होत गेली. शिंपी म्हणायचा, पोरगी सुईसारखी झाली आहे, बारीक आणि टोचरी. मग अक्काने मुकादमाला गाठले. टाकीवर दुसरा हात हवाच होता. भट्टीपाशी नको, ऍसिडपाशी तर नकोच, माझ्या शेजारी द्या, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर राहील. मुकादम लगेच हो म्हणाला. त्या दिवशी अक्का घरी जाताना रस्त्याने स्वतःशी हसत होती.

आणि लेकीचा हात खरोखर चांगला निघाला. आईपेक्षा वेगाने ती आकडा फिरवायची. पहिल्याच आठवड्यात तिने बुडवायची वेळ मनात मोजायची सोडून दिली. रंगावरून कळतं, म्हणाली. मुकादम जाता येता थांबून पाहू लागला. अक्का, तुमची गादी गेली बरं का, असे तो म्हणाला की लेक मान खाली घालून हसायची, आणि ते हसू बघायला अक्का मुद्दाम दोन पावले मागे उभी राहायची.

मग बोटीने जाणारा मोठा माल आला. इतका की शेडबाहेर रस्त्यापर्यंत थप्प्या लागल्या. थंड पिवळ्या पाण्यात पापुद्रा सावकाश धरतो, आणि आता सावकाशीला वेळ नव्हता. म्हणून टाकीत गरम करायची कांडी सोडली आणि तळाशी हवेची नळी टाकली. पाणी रात्रंदिवस खदखदू लागले. बुडबुडे वर येऊन फुटत, प्रत्येक बुडबुड्यातून डोळ्यांना न दिसणारा तुषार उडे. अक्काच्या चष्म्यावर दुपारपर्यंत पिवळी धूळ बसू लागली. भिंतीवरच्या घड्याळाची काचही पिवळी झाली. टाकीच्या वर पूर्वी हवा ओढणारा पंखा होता, पण तो कढईवर नेऊन लावलेला होता, कारण धूर तिथे दिसायचा. इथे काहीच दिसत नव्हते. दोघी मायलेकी तोंडाला फडके बांधत, पिवळे पाणी पोटात जाऊ नये म्हणून. नाक मोकळे ठेवत, कारण नाकावर फडके आले की जीव गुदमरायचा.

इस्त्रीचा तो प्रसंग याच दिवसांतला. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी लेक आकडा हातात घेऊन उभी राहिली आणि फडके खाली ओढून म्हणाली,

"आई, थांबलं गं. काल नाही, परवा नाही, आज पण नाही. झालं माझं नाक शहाणं."

अक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुकादमाला बातमी कळली. तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, की पोरगी हुशार, आईच्या नाकाला वर्ष लागले, हिने महिन्या दीड महिन्यात पदवी घेतली. माल बांधून देणाऱ्या, बांधणीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काही हसली. पण हसता हसता तिच्या मनात काहीतरी अडकले. इतक्या लवकर? तिने खदखदणाऱ्या टाकीकडे पाहिले. एवढी घाई नाकाला कोणी शिकवली?

त्याच आठवड्यात वस्ताद शेडवर आला. पिवळ्या टाकीवरचा तो सगळ्यात जुना माणूस. अक्काला आकडा धरायला त्यानेच शिकवले होते. काम सोडून बरीच वर्षे झाली होती, पण अधूनमधून चहाच्या सुट्टीत तो फाटकातून यायचा, जुन्या लोकांची चेष्टा करायचा आणि जायचा. तो श्वास घेताना नाकातून बारीक शीळ वाजायची. म्हणून तो येताना दिसायच्या आधी ऐकू यायचा. शिट्टी झाली, गाडी आली, असे लोक म्हणायचे.

त्याच्या एका करामतीविषयी अक्काने ऐकले होते, पाहिली नव्हती. तो ती पुरुषांत करायचा. बायका आल्या की थांबायचा. त्या दिवशी मात्र कोणीतरी त्याला सांगितले की अक्काच्या लेकीचे नाक शहाणे झाले, आणि त्याला आनंदाचे भरते आले. त्याने लेकीला जवळ बोलावले.

"ये, बस. शहाण्या नाकाला काय काय येतं ते दाखवतो. तुझ्या आईला पण नाही दाखवलं कधी."

त्याने खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला, थुंकीने टोक वळले, मान मागे टाकली आणि दोरा उजव्या नाकपुडीत सारला. जरा बोटे फिरवली. दोऱ्याचे टोक डाव्या नाकपुडीतून बाहेर आले. मग त्याने दोन्ही टोके धरून दोरा इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढला, वर त्याची गाठ मारली आणि मिशा पुसत सगळ्यांकडे पाहिले. माणसे हसून लोळली. बांधणीवरच्या बायकांनी तोंडाला हात लावला. लेकही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

अक्काचा चहा तसाच राहिला. तिने वस्तादाला हळूच विचारले, हे कधीपासून.

"नाक शहाणं झालं तेव्हापासून," वस्ताद म्हणाला. "म्हणजे काय, तोच तर शहाणपणा. मधली भिंत गेली की भांडण संपतं. आतमध्ये रडायला काही उरतच नाही."

अक्का उठली आणि हात धुवायच्या खोलीत गेली. दार लावून घेतले. भिंतीवर फुटका आरसा होता. तिच्या बाहीला नवऱ्याने घातलेली टीप उसवली होती. तिथला दोरा तिने ओढून तोडला. थुंकीने टोक वळून तो नाकपुडीत सारला. पहिल्यांदा जमले नाही. दुसऱ्यांदा दोरा सरळ गेला. कुठे अडला नाही, टोचला नाही, शिंकही आली नाही. आपल्याच शरीरातून दोरा जातो आहे आणि आपल्याला कळतही नाही, हे पाहत ती तशीच उभी राहिली. बाहेर लेकीचे हसू ऐकू येत होते. अक्काने स्वतःचा विचार केला नाही. तिच्या डोक्यात एकच होते, पोरीचं कितपत झालं असेल? अजून काही राहिलं असेल का?

संध्याकाळी ती मुकादमासमोर उभी राहिली. लेकीला टाकीवरून काढून बांधणीवर घाला, असे तिने सांगितले. का, म्हणून त्याने विचारले, आणि अक्काने कारण सांगितले तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. बांधणीवर माणसे जास्तच आहेत, तिथून काढायची वेळ आली आहे. टाकीवर हात कमी आहेत. वस्ताद ठणठणीत आहे, तुम्ही ठणठणीत आहात, वास येत नसेल तर नुकसान काय, या शेडमध्ये कुठे अत्तर विकतो आपण? माल जाईपर्यंत तरी नाक खुपसू नका. टाकी सोडायची तर घरी बसवा पोरीला, असे म्हणून तो निघून गेला.

अक्काला वाटले, ठीक आहे, घरी तर घरी. पण लेक ऐकेना.

"आता कुठे रक्त थांबलं, आणि आता सोडू? एवढे दिवस सोसलं ते कशाला?"

अक्काने समजावले, की थांबले म्हणूनच सोडायचे आहे. लेकीला त्यातले काही पटले नाही. वस्ताद म्हातारा आहे, म्हाताऱ्यांची हाडेसुद्धा झिजतात. तिचे काही दुखत नाही. जिथे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला पक्की म्हटले, तिथून उठून तिने पुन्हा बापाच्या मशीनशेजारी काजे करायचे? मग ती आईकडे न बघता म्हणाली,

"तुझ्या जागेवर उभी राहायची मला लाज नाही वाटत. तुलाच का वाटायला लागली?"

अक्काला जे वाटत होते ती लाज नव्हती. दवाखान्यात चल, असे तिने दोनदा म्हटले, आणि दोन्ही वेळा लेकीने नाक मुरडले, आणि त्या मुरडलेल्या नाकाकडे अक्का नको इतका वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी दाढी करता करता गमतीत बोलून गेला. इतकी वर्षे तो अक्काच्या श्वासाच्या शिट्टीवर झोपी जात आला, आता तिच्याशिवाय झोप लागत नाही. पण काल म्हणे दोन शिट्ट्या होत्या. एक इकडून वाजे, तिकडच्या खोलीतून दुसरी उत्तर देई.

"जुगलबंदी," तो म्हणाला, आणि आरशात बायकोचा चेहरा दिसला तसा त्याने वस्तरा खाली ठेवला. "काय झालं? चुकीचं बोललो?"

"नाही," अक्का म्हणाली. "नीट बोललात."

त्या दिवशी शेडमध्ये ढगाळ, कोंदट उजेड होता. टाकी खदखदत होती. लेक आधीच आकडा धरून उभी होती, फडके तोंडावर, नाक उघडे, आणि श्वास आत घेताना, आता माहीत असल्यामुळे अक्काला ते स्पष्ट ऐकू आले, अगदी बारीक, दाराच्या फटीतून वारा यावा तसे काहीतरी वाजत होते. बांधणीच्या बायका माल आणून टेकवत होत्या. मुकादम थप्प्या बघत होता. चहाची वेळ झाली नव्हती.

अक्काने स्वतःचा आकडा खुंटीला लावला. तोंडाचे फडके सोडले, घडी करून बाजूला ठेवले. सकाळी नवऱ्याच्या टेबलावरून तिने काळ्या दोऱ्याचा तुकडा आणला होता. तो तिने काढला आणि टाकीच्या कडेला सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. ही बाई चारचौघांत मोठ्याने हसायचीसुद्धा नाही. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. तिने मान मागे टाकली आणि दोरा नाकात घातला.

पहिल्यांदा कोणीतरी हसले. वस्तादाची नक्कल चालली आहे असे त्याला वाटले असावे. दोऱ्याचे टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आले तेव्हा तो हसायचा थांबला. अक्काने गाठ मारली नाही, दोरा इकडे तिकडे ओढला नाही. दोन्ही टोके दोन हातांत धरून ती नुसती उभी राहिली, बैलाच्या वेसणीसारखा दोरा धरून, आणि लेकीकडे पाहत राहिली. काळा दोरा तिच्या ओठांवरून खाली लोंबत होता. टाकीतले बुडबुडे फुटत होते तेवढाच आवाज.

"आई, काढ ते," लेक म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू दे."

"काढ ना गं."

"दुखत नाही मला," अक्का म्हणाली. दोऱ्यामुळे तिचा आवाज गेंगाणा येत होता. "ये, तू ओढून बघ. काहीसुद्धा दुखत नाही. तेच सांगतेय तुला कालपासून."

लेक जागची हलली नाही. तिच्या आकड्याला अडकवलेला माल पिवळ्या पाण्यात बुडालेलाच होता, आणि बुडवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मुकादम काहीतरी बोलायला पुढे आला, पण बांधणीवरची एक म्हातारी वाटेत उभी होती. ती बाजूला झाली नाही. लेकीने आकडा वर घेतला. माल मातकट तपकिरी होऊन आला, खराब. तिने तो निथळूही दिला नाही, तसाच जमिनीवर ठेवला, आकडा त्याच्याशेजारी ठेवला आणि आईजवळ येऊन, दोन बोटांनी, अगदी हळू, तिने तो दोरा काढून घेतला.

दवाखान्यात मोठे डॉक्टर नव्हते. सिस्टरने लेकीला खुर्चीवर बसवले. तिने आधी अक्काला नीट सांगितले, की दोन नाकपुड्यांच्या मध्ये कूर्चेची भिंत असते. पिवळ्या पाण्याचा तुषार ती आतून मारत जातो. मेलेल्या जागी दुखत नाही. मग तिने बारीक टॉर्च एका नाकपुडीला लावला आणि अक्काला दुसऱ्या बाजूने बघू दिले. भिंत शाबूत असेल तर उजेड लालसर दिसतो, हाताच्या पंजामागे दिवा धरावा तसा.

अक्का वाकली. आत लाल होते. सगळीकडे लाल, जिवंत. आणि खालच्या बाजूला, मोहरीएवढा, नुसता उजेड होता.

सिस्टरने टॉर्च विझवला. भोक लहान आहे, ती म्हणाली. भरून येणार नाही, पण पुन्हा त्या टाकीपाशी गेली नाही तर वाढणारही नाही. मलम दिले. वास येतो ना, असे तिने लेकीला विचारले, आणि लेक म्हणाली, येतो की.

मायलेकी पायी घरी निघाल्या. मग अक्काने सहज विचारावे तसे विचारले, की इथे कसला वास येतो. लेकीने तिच्याकडे पाहिले. आई पारख करते आहे हे तिला समजले असावे, पण तिने नाही म्हटले नाही. सांगू लागली. इथे डिझेल. इथे ओली पोती. इथे कोणीतरी साबणाने पायऱ्या धुतल्या आहेत. अक्का एकेक ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू तिलाही ते सगळे येत होते. चामड्याच्या दुकानासमोर लेक म्हणाली, शी, आणि अक्काला इतके बरे वाटले की ती रस्त्यात हसली. शी म्हणाली पोरगी. शी म्हणाली.

कोपऱ्यावर बेकरी होती. भट्टीचे दार उघडे होते. पांढरा गंजीफ्रॉक घातलेला माणूस लांब फळीवरून ताजे पाव बाहेर ओढत होता, त्यांच्यातून वाफ निघत होती, आणि रस्त्याने जाणारी माणसे माना वळवून त्या दिशेला बघत होती. सायकलवरच्या एकाने तर पाय टेकला.

अक्काची पावले हळू झाली. मग ती थांबली. लेक आता कसला वास सांगते, याची ती वाट बघत होती.

लेक दोन पावले पुढे गेली होती. ती मागे वळली.

"का गं थांबलीस?"

अक्काने बेकरीकडे पाहिले नाही. ती खाली वाकली आणि चपलेचा पट्टा, जो नीट लागलेलाच होता, तो सोडून पुन्हा लावत बसली.